मदत हवी आहे: लॅव्हेंडर मरतंय, गणपतीच्या आत काहीतरी सांगा

ओटीवरून:
तीन रोपं होती. दोन गेली, एक उरलंय. पानं बुंध्याकडून काळी पडत वर चाललीत, हात लावला की गळतात. शेंडे अजून हिरवट आहेत. पाणी एक दिवस चुकवलेलं नाही, पावसाआधी शेणखतही घातलंय. लेकीने हौसेने आणून दिलेली रोपं, ती गणपतीला येतेय, म्हणजे हातात तीन आठवडे. 'ऊन द्या' सोडून दुसरं काही असेल तर सांगा. श्रावणात ऊन आणू कुठून?

कातळसडा:
कुठलं गाव? कुंडीत की जमिनीत? माती कसली? रोप आणलं कुठून?

ओटीवरून:
गुहागर. माती आपली नेहमीचीच, आणखी कसली असणार. रोपं श्रीनगरहून.

कलमवाला:
नेहमीची म्हणजे जांभ्याची लाल. आम्लधर्मी. लॅव्हेंडरला चुनखडीची माती लागते, शिवाय फुलायला थंडी लागते. थंडी तर आमच्या हापूसलाही लागते हो! मोहोराच्या वेळी ती पडतच नाही, डिसेंबरात ढग येतात आणि तुडतुडा बसतो. मोहोर यावा म्हणून मी पॅक्लोब्युट्राझोल देतो, पण पंधरा ऑगस्टच्या पुढे गेलं की उपयोग नाही. मात्रा झाडाच्या घेरावर ठरते, ती

कातळसडा:
कलमवाले, आंब्याचा वेगळा धागा आहे.

कलमवाला:
थंडीचा विषय निघाला म्हणून बोललो.

झेलम_ते_वाशिष्ठी:
नोकरीची सहा वर्षं श्रीनगरला काढलीत. तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ७०० मिलिमीटर होतं. रत्नागिरीत एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतं. ताई, तुमचं रोप तहानेने मरत नाहीये, बुडून मरतंय. हे मूळचं भूमध्य समुद्राकडच्या खडकाळ डोंगरउतारांवरचं झुडूप. हिवाळ्यात बर्फाखाली झोपतं, उन्हाळ्यात पाणी नसलं तरी तग धरतं. पानांवर जी राखाडी लव असते ना, ती ओल धरून ठेवायला. आपल्याकडे हवाच ओलीचिंब, त्यात तुम्ही रोज पाणी घालताय. मुळं कुजलीत. आणि शेणखत कशाला? त्याला उपाशी ठेवायचं असतं.

ओटीवरून:
मग पाणी बंद करू? पण वरची माती सुकलेली दिसते, म्हणून घालते.

झेलम_ते_वाशिष्ठी:
कुंडीच्या भोकातून पाणी वाहून जातं का?

ओटीवरून:
भोक नाही. सासूबाईंची लोणच्याची बरणी आहे, पांढरी-तपकिरी, ओटीवर शोभते. आधीची दोन अंगणात होती, पागोळीच्या रांगेत.

कातळसडा:
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं!

पुळणवाला:
बरणीतून काढा. मातीची भोकाची कुंडी घ्या, निम्मी माती आणि निम्मी पुळणीची वाळू. वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, चुन्याचं काम आपोआप होतं.

कातळसडा:
आणि मीठ? समुद्राची वाळू घालून रोप मारायचंय का? क्रशरची बारीक खडी आणा.

पुळणवाला:
तीन पावसाळे धुतलेली वाळू म्हणतोय मी. माझ्याकडे रोजमेरी जगलीय त्यात.

कातळसडा:
रोजमेरी म्हणजे लॅव्हेंडर नव्हे. वाळू चाखून बघा, खारट लागली तर मला सांगा.

कुडाळकार:
कित्याक जीवाक तरास करून घेतंस? अबोली लाव गो बाय, गजरो तरी होतलो.

पठारवेडी:
एक सांगू? सह्याद्रीला स्वतःची लॅव्हेंडर आहे. लॅव्हेंड्युला गिब्सोनी, पश्चिम घाटाबाहेर कुठे सापडत नाही. फक्त डोंगरावरून उपटून आणू नका, प्लीज.

मच्छरत्रस्त:
लॅव्हेंडरने डास जातात का? आमच्याकडे संध्याकाळी दार उघडायची सोय नाही.

झेलम_ते_वाशिष्ठी:
डासांचं नंतर. ताई, आज करायचं ते असं. हिरवे शेंडे असतील तिथून तीन-चार इंचांच्या काड्या कापा. खालची पानं ओरबाडून काढा आणि ओल्या, पण पाणी न साचणाऱ्या खडीमातीत खोचा. उजेडात, पावसाबाहेर ठेवा. खत नको. झाकायला प्लास्टिक नको, बुरशी येईल. जुन्या लाकडाला फुटवा येत नाही, त्यामुळे काडी हिरवीच हवी. मूळ रोप वाचेल असं मला वाटत नाही. काड्या जगल्या तरी फुलं येतील याची हमी नाही. गुहागरची थंडी ती काय!

ओटीवरून:
बरणी आडवी केली. तळातून चार बोटं काळं पाणी निघालं, गटारासारखा वास. मुळं बोटात कुस्करली गेली. पाच काड्या लावल्यात, खडीत. (पुळणवाले, वाळू चाखली. खारट आहे.) रोज सकाळी सासूबाई तांब्या घेऊन तिथे उभ्या राहतात. त्यांना कसं अडवायचं, तेवढं सांगा.

पुळणवाला:
वरची चाखली असेल. खालून घ्यायची.

कुडाळकार:
सासूक तुळशीकडे धाड.

सुगरण_दापोली:
बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कडकडीत उन्हात वाळवा. ओल राहिली तर लोणच्याला बुरशी धरते.