बुलेटच्या टायमिंग कव्हरवर पांढरे डाग

किकवाला: जुन्या बुलेटच्या इंजिनचं टायमिंग कव्हर (बाजूचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण) पांढरट झालंय. ब्रासो घासून हात दुखले, फरक शून्य.

वॉटरपेपर: वर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर असणार. तो पेंट रिमूव्हरने काढा, नाहीतर पॉलिश धातूला लागतच नाही. मग साबणाच्या पाण्यात वॉटरपेपर (ओला घासायचा सँडपेपर) क्रमाने ४००, ८००, १२००, २००० नंबरचा; नंबर मोठा तितका बारीक. प्रत्येक नंबरला दिशा बदला, एकदा उभं, एकदा आडवं. ४०० चा एक जरी ओरखडा राहिला तरी चकाकी आल्यावर तोच डोळ्यात खुपतो.

बफमास्तर: कॉस्टिक सोडा अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खातो नि काळं पाडतो. गॅस्केट (जोडातलं सील) बसते ती कड घासू नका, तेल गळेल.

किकवाला: बारीक खड्डे आहेत.

वॉटरपेपर: मग २२० पासून. खोल असतील तर राहू द्या. शेवटी सुती बफ (पॉलिशचं कापडी चाक), पॉलिशिंग कंपाउंड थोडंच, वर मेण.