मदत हवी आहे: विमानाचं अंतर आणि वेळ जुळतच नाहीये

चष्मिष:
सिंगापूर ते न्यू यॉर्क. एक्सेलमध्ये सूत्र टाकलं, उत्तर ५,३२० किमी. वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या आसपास. म्हणजे ताशी २८८? बुलेट ट्रेन याहून जोरात पळते. कुठे चुकतंय? उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

खिडकीवाला:
न्यू यॉर्क म्हणजे कुठला विमानतळ, जेएफके की नेवार्क?

चष्मिष:
जेएफके. काय फरक पडतो?

खिडकीवाला:
पाचेक किमी. पण सूत्र कुठलं, ते तरी लिहा की.

बोरकूट:
वारा धरलात का? जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो समोरून आला की तास-दीड तास सहज जातो. मी कायम सांगतो, अंतर बघूच नका, वेळ बघा.

रात्रपाळी:
बोरकूट, वाऱ्याने विमानाची बैलगाडी होत नाही हो. चष्मिष, अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) केलेत का?

चष्मिष:
केलेत, तेवढं येतं मला. हॅवरसाइन, म्हणजे गोलावरचं अंतर काढायचं सूत्र. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी.

घड्याळजी:
दोन्हीकडच्या घड्याळांत हिवाळ्यात १३ तासांचा फरक, उन्हाळ्यात १२. तोच विसरला असणार.

चष्मिष:
अहो, मी अंतराचं विचारतोय.

खिडकीवाला:
अवांतर: सिंगापूर-नेवार्क थेट विमान २००४ मध्ये ए३४०-५०० ने सुरू झालं. चार इंजिनं, इंधन पिणारं धूड. २०१३ मध्ये बंद पडलं, २०१८ मध्ये ए३५० ने परत आलं.

रात्रपाळी:
विमानं राहू द्या. चष्मिष, सूत्रात घातलेले आकडे इथे डकवा.

चष्मिष:
सिंगापूरचं चांगी विमानतळ: अक्षांश १.३६, रेखांश १०३.९९. जेएफके ४०.६४, ७३.७८.

रात्रपाळी:
सापडलं! ७३.७८ पश्चिम रेखांश, वजा चिन्ह कुठंय? तुमचं विमान किर्गिझस्तानच्या डोंगरात उतरतंय.
ताळा करून बघा. दोन्ही रेखांशांची बेरीज १७७.७७, जवळजवळ १८०. म्हणजे दोन्ही ठिकाणं ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना, आणि सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला चाटून जाते. चांगी ते ध्रुव ८८.६४ अंश, ध्रुव ते जेएफके ४९.३६. एकूण १३८. अंशाला १११.२ किमी धरले की १५,३४६.

चष्मिष:
१५,३३९ आलं!! पण एका साइटवर कालपासून १५,३४९ दिसतंय. हे दहा किमी कुठे गेले?

रात्रपाळी:
कालपासून दिसतंय, मग आधी सांगायचं ना! पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८, ध्रुवाशी ६,३५७. साइटवाले ते धरतात. आता भागा: ताशी ८३०. शिवाय वेळापत्रकात धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही आलं.

बोरकूट:
आणि विमान त्या ध्रुवाच्या रेषेवरून जातंच असं नाही. बऱ्याचदा पॅसिफिकवरून पाठीशी वारा घेत जातं. वाट लांब, वेळ कमी. मी काय म्हणत होतो?

चष्मिष:
बरं, मग परतीला किती वेळ धरू?

बोरकूट:
महिना कुठला?