अनुभव धागा: रिकाम्या डब्यांची चूल, आणि ती का धुरते

गेल्या पावसाळ्यानंतर मी रिकाम्या डब्यांपासून चार चुली केल्या आणि त्यांपैकी तीन भंगारात गेल्या. चौथीवर मात्र ओंजळभर वाळक्या काटक्यांवर एक लिटर पाणी साधारण दहा मिनिटांत उकळते. चूल करण्याची कृती हवी तितकी मिळते, परंतु करताना नेमके काय चुकले हे सहसा कोणी लिहीत नाही. तेच येथे लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. पहिली चूल म्हणजे रसगुल्ल्याचा एक किलोचा डबा, तळाशी खिळ्याने पाडलेली दहा भोके आणि काटक्या सारण्यासाठी कापलेले दार. पातेले डब्याच्या तोंडावर झाकणासारखे बसले, धुराला वर जायला वाटच उरली नाही आणि सगळा धूर दारातून माझ्या डोळ्यांत आला. दुसरी आणि तिसरी चूल दोन भिंतींची होती. मोठ्या डब्यात लहान डबा बसवायचा, आतल्या डब्याला तळाशी भोके आणि काठाखाली भोकांची आणखी एक रांग पाडायची. दोन भिंतींमधून तापत वर चढलेली हवा या वरच्या भोकांतून आत येते आणि लाकडातून निघालेला धूर तेथेच पेटतो, असे हे गणित आहे. दुसऱ्या चुलीत ही रांग मी डब्याच्या मध्यावर पाडली, त्यामुळे ती हवा सरपणाच्या ढिगातच शिरली आणि लाकूड नुसते भडकून संपले. तिसरीत भोके योग्य जागी होती, पण हावरेपणाने डबा काठोकाठ भरून मी ती बुजवून टाकली. चौथ्या वेळी सरपण वरच्या रांगेच्या बोटभर खाली ठेवले, ते खालून न पेटवता वरून पेटवले आणि पातेल्याखाली तीन बोल्टांचा आधार देऊन दोन सेंटिमीटरची फट राखली. धूर जवळजवळ नाहीसा झाला आणि भोकांच्या तोंडाशी लहान लहान ज्योती दिसू लागल्या. पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा मी चहाचे आधण विसरून त्यांच्याकडेच बघत बसलो होतो.

नाशिक, आयटीआयमधील निवृत्त निदेशक

डबा निवडताना चुंबक आणि डोळे दोन्ही वापरावेत. जुनी बादली जाड असते म्हणून अनेकांना मोह होतो, परंतु तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 420 अंश सेल्सिअसला वितळते आणि 907 अंशांना उकळते, आणि चुलीच्या पोटात लालबुंद झालेल्या पत्र्यावरून त्याचा धूर निघू शकतो. हा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. उमेदवारीच्या काळात मुलामा असलेल्या पाइपावर वेल्डिंग केल्यानंतर मी एक रात्र दोन चादरींखाली कुडकुडत काढली आहे. चुंबकाला न चिकटणारे ॲल्युमिनियमही नको, कारण ते 660 अंशांना वितळते. खाद्यपदार्थांच्या डब्यावरचे कथिल अगदी पातळ असते, तरीही नव्या चुलीचा पहिला जाळ अन्न न शिजवता उघड्यावरच करावा. रंगीत छपाई असेल तर ती आधी खरवडून काढावी.

भोके पाडताना डबा चेपतो, ही बहुतेकांची तक्रार असते. डब्यात पाणी भरून ते फ्रीजरमध्ये गोठवावे आणि मग खिळा ठोकावा. कडा कानशीने घासल्याशिवाय डबा मुलांच्या हाती देऊ नये.

पुणे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर

तुम्ही मंडळी ज्याला नवे म्हणता, ते आमच्या स्वयंपाकघरात होते. लाकडाच्या वखारीतून भुसा आणून आई तेलाच्या डब्याच्या शेगडीत भरत असे. मध्यभागी उभी बाटली आणि खालच्या भोकातून आडवा दांडा घालून भोवती भुसा मुठीने दाबून ठासायचा, आणि दोन्ही हलकेच फिरवत काढून घेतले की काटकोनातला बोगदा तयार होई. खालून पेटवली की ती दोन-तीन तास न फुंकता चाले. मी एकदा घाईने भुसा सैल भरला. डाळ शिजत असताना बोगदा आतल्या आत ढासळला आणि घरभर जो धूर झाला, त्यावरून आईने मला पुढे महिनाभर ऐकवले.

ठाणे

आजींनी सांगितलेला काटकोन वाचून बरे वाटले, कारण माझी चूल त्याच आकाराची आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात लॅरी विनियार्स्की यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेला हा ‘रॉकेट स्टोव्ह’. त्यात आडव्या नळीतून लाकडाची फक्त टोके जळत जातात आणि उभी नळी धुराड्याचे काम करते. मी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात छोट्या डब्यांची नळी बसवली आणि भोवतीच्या पोकळीत वाळू भरली. तेथेच चुकले. वाळू उष्णता पिऊन घेते, त्यामुळे पहिला अर्धा तास आम्ही वाळूच तापवत होतो आणि चूल एका माणसाला उचलेना. वाळू काढून चाळलेली कोरडी राख भरली. राखेत हवा अडकलेली असल्यामुळे नळी लवकर तापली आणि वजनही उतरले. तरी ही चूल शेतावर ठेवण्याची आहे, पाठीवर नेण्याची नाही.

मालवण

आमच्याकडे सरपण म्हणजे करवंट्या. त्यांचा जाळ इतका कडक असतो की पातळ डब्याचा तळ चार महिन्यांत जाळीसारखा झाला, आणि उरलेला खाऱ्या हवेने खाल्ला. आता चमचे ठेवण्याचे जुने, भोकांचे स्टीलचे भांडे वापरतो. दोन पावसाळे झाले, शाबूत आहे.

नगर जिल्हा, ट्रेकर

एक अनुभव लाज वाटत असूनही लिहितो. मार्च महिन्यात एका पठारावर आम्ही डब्याची चूल थेट वाळक्या गवतावर ठेवली. तळाच्या भोकांतून निखारे खाली पडत होते आणि ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. वाऱ्याची एक झुळूक आली आणि आम्ही पाच जण जॅकेटांनी गवत झोडपत होतो. हातभर जागा जळाली, एवढ्यावर निभावले. चुलीखाली पत्र्याचे ताट आणि शेजारी पाण्याची भरलेली बाटली असल्याशिवाय आता काडी ओढत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात तर चूल काढतच नाही, भाकरी आणि ठेचा बांधून नेतो. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

कोलोरॅडो, मूळचे सातारचे

येथे कोरड्या ऋतूत वणव्याचे निर्बंध लागले की गॅसची शेगडी सहसा चालते, कारण ती खटका फिरवून तत्काळ बंद करता येते. काटक्यांच्या चुलीला तशी सोय नाही, म्हणून ती निषिद्ध. माझी सुबक, दोन भिंतींची चूल दोन उन्हाळे गॅरेजमध्येच पडून आहे.

सांगली

काजळीबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून एवढेच. चुलीवर ठेवण्यापूर्वी पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा पातळ लेप द्यावा. आमच्या चौघांच्या गटात हे काम विसरणाऱ्याने भांडी घासायची, असे ठरले आहे, आणि गेल्या तिन्ही वेळा ती मीच घासली.