फंक्शन लिहिलं, पण त्याचा टेम्प्लेट कोण लिहिणार?

दशांशचिन्ह
मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये इतरांसाठी फंक्शन लिहिणाऱ्याने त्याचा टेम्प्लेटही, म्हणजे कुठली किंमत कुठे भरायची ते दाखवणारा साचाही, लिहून द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याशिवाय ते फंक्शन मी पूर्ण मानत नाही.

आमच्या गटात नळीच्या भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचा हिशोब करणारं एक फंक्शन होतं. त्यात आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाचे उष्णता-संक्रमण गुणांक शेजारी शेजारी द्यायचे. एका सहकाऱ्याकडून त्यांची अदलाबदल झाली. दोन्ही साधे आकडे, त्यामुळे एररही नाही आणि वॉर्निंगही नाही. उत्तर आलं तेही पटण्यासारखं. चूक सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

कुणी म्हणेल, सिंटॅक्स इन्फर्मेशन लिहायची होती, म्हणजे फंक्शनला किती आर्ग्युमेंट (कंसात द्यायच्या किमती) लागतात ते मॅथेमॅटिकाला सांगायचं. ती मी लिहिलीच होती. जादा आर्ग्युमेंट दिलं की ते लाल होतं, कमी दिलं की तिथे लाल खूण येते. पण ती फक्त आर्ग्युमेंट मोजते. कुठलं कुठे जायचं हे तिला कळत नाही. ते टेम्प्लेट सांगतो: फंक्शनचं नाव टाइप करून कंट्रोल-शिफ्ट-के दाबा, कंसात आर्ग्युमेंटांची नावं येतात, टॅबने एकेक भरत जा. त्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. युसेज मेसेजच्या, म्हणजे फंक्शनबरोबर द्यायच्या मदतीच्या मजकुराच्या, सुरुवातीला फंक्शन कसं वापरायचं ते नीट लिहिलं की टेम्प्लेट तिथूनच तयार होतो. वापराचे दोन प्रकार दोन ओळींत लिहिलेत तर दोन्हींतून निवडता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

कोरी पाटी
पाच मिनिटं पहिल्या दिवशी. नंतरचं काय? युसेज मेसेज ही नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर असतो, फंक्शनच्या व्याख्येशी तिचा काही संबंध नसतो. आमच्याकडे कुणीतरी व्याख्येतला क्रम बदलला आणि युसेज तसाच राहिला. टेम्प्लेट जुनाच क्रम दाखवत होता आणि सगळे डोळे झाकून भरत होते. टेम्प्लेट नसता तर निदान कोड उघडून बघितला असता.

ऑटोकम्प्लीटचा, म्हणजे टाइप करताना पर्याय सुचवण्याचा प्रकार तर आणखी वाईट. आर्ग्युमेंटच्या जागी आपल्या ठराविक स्ट्रिंगांची यादी यावी म्हणून लोक फ्रंट एंडच्या (आपण टाइप करतो त्या खिडकीच्या) आतली, डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेली कमांड वापरतात. उद्या नव्या आवृत्तीत ती बंद झाली तर दाद कुणाकडे मागणार? मॅटलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी निदान फंक्शन सिग्नेचर्सची, म्हणजे फंक्शनांच्या आर्ग्युमेंटांची माहिती देणारी जेसन फाईल आहे, रीतसर डॉक्युमेंट केलेली. ती फोल्डरबरोबर सगळ्यांकडे जाते.

दशांशचिन्ह
@कोरी पाटी, डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेल्या कमांडबद्दल मान्य. ती मी स्वतःच्या इनिट फाईलमध्ये (मॅथेमॅटिका सुरू होताना आपोआप चालते ती) ठेवतो, इतरांना द्यायच्या पॅकेजमध्ये कधीच घालत नाही. पण युसेज जुना राहिला हा टेम्प्लेटचा दोष कसा? आणि जेसन फाईलसुद्धा कोडपासून वेगळीच लिहावी लागते, तीही जुनी राहू शकते.

उभा आडवा
तुम्ही दोघंही मूळ मुद्दा सोडताय. सारख्या जातीची दोन आर्ग्युमेंट शेजारी ठेवलीच कशाला? ती ऑप्शन म्हणून द्या. नावासकट लिहावी लागतील, मग क्रमाचा प्रश्नच मिटला.

दशांशचिन्ह
@उभा आडवा, हे मी करून पाहिलंय. ऑप्शनला डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर धरायची किंमत द्यावी लागते. बाहेरचा गुणांक द्यायला कुणी विसरलं की फंक्शन मुकाट्याने डिफॉल्ट घेऊन मोकळं होतं. भौतिक राशीच्या बाबतीत मला हे अदलाबदलीपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण यात चुकीचा आकडा कुणी टाइपच केलेला नसतो, शोधणार तरी काय?

उभा आडवा
मग डिफॉल्ट म्हणून आकडा ठेवू नका. नसलेली किंमत म्हणून एक खूण ठेवा आणि ती दिसली की मेसेज देऊन थांबा. दोन ओळींचं काम आहे.

दशांशचिन्ह
हे पटलं. पण अशा आठ राशी असतील तर वापरणाऱ्याला आठ नावं पाठ हवीत, म्हणजे तिथेही टेम्प्लेट लागणारच.

कोरी पाटी
मी टेम्प्लेटच्या विरोधात नाही, हाताने लिहिलेल्या टेम्प्लेटच्या विरोधात आहे. डाउनव्हॅल्यूजमधून (मॅथेमॅटिका फंक्शनच्या व्याख्या तिथे साठवतं) व्याख्येतली आर्ग्युमेंटांची नावं काढता येतात. युसेजची पहिली ओळ त्यातूनच बनवा, पॅकेज लोड होताना दर वेळी. क्रम बदलला की टेम्प्लेटही बदलेल.

अडचण एवढीच की बहुतेकांच्या व्याख्येत नावं एक्स, वाय, ए, बी अशी असतात. ती टेम्प्लेटमध्ये आली काय नि न आली काय, सारखंच.

दशांशचिन्ह
आज रात्री आमच्या नळीच्या फंक्शनवर हे करून बघतो. आधी त्यातली एच एक आणि एच दोन ही नावं बदलून आतला गुणांक, बाहेरचा गुणांक अशी पूर्ण नावं घालावी लागतील. ती मीच ठेवली होती.