कॅन बसवर ‘नो बफर स्पेस’: रांग आणखी वाढवू का?

प्रश्न:
हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये ई-रिक्षाच्या बॅटरीसाठी डेटा लॉगर करून राहिलो आहे. डेटा कॅन बसवर (गाडीतली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन) जातो. लिनक्स, सॉकेटकॅन (लिनक्समधली कॅनची सोय), दर १० मिलिसेकंदाला एक फ्रेम (डेटाचं छोटं पाकीट). टेबलावर सगळं नीट. गाडीत लावलं की फ्रेम पाठवणारी राइट कॉल ‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’ (रांगेत जागा नाही) म्हणून परत येते. ट्रान्समिट क्यू (पाठवायच्या फ्रेमची रांग) १० वरून १००० केली, तर तीच एरर १० सेकंद उशिरा येते. पोल (लिहायला जागा आहे का विचारणारा कॉल) म्हणतो, सॉकेट (प्रोग्राम जिथे फ्रेम लिहितो ते तोंड) लिहायला मोकळं आहे! दोन रात्री गेल्या भाऊ, सांगा काहीतरी.

उत्तर १:
त्या १० सेकंदांतच उत्तर आहे. १००० फ्रेम गुणिले १० मिलिसेकंद, म्हणजे एकही फ्रेम बाहेर जात नाही. बसवर कोणीच अ‍ॅक (फ्रेम मिळाल्याची पोच) देत नसेल तर कंट्रोलर (फ्रेम पाठवणारी चिप) तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. नुसत्या अ‍ॅकअभावी तो बस-ऑफ होत नाही (बसवरून स्वतःला तोडत नाही), एरर-पॅसिव्हवर (चुका वाढल्या, तरी पाठवणं चालू) थांबतो. म्हणून सगळं जिवंत वाटते. पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या बसच्या दोन तारांमध्ये मीटर लाव. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर समांतर मिळून ६० दिसले पाहिजेत.

उत्तर २:
पोल सॉकेटचा बफर (तात्पुरती साठवण) पाहतो, इंटरफेसची (कॅन पोर्टची) रांग नाही. शिवाय क्यू १००० ठेवू नकोस. बस सुरू झाली की १० सेकंद शिळी रीडिंग जातील. एरर आली तर जुनी फ्रेम सोड, ताजी पाठव.

प्रश्नकर्ता:
१२० आले, म्हणजे एकच टोक जोडलेलं! कनेक्टरमधली कॅन-लोची पिन मागे सरकली होती. नवीन क्रिंप केली (तारेवर दाबून बसवली), आता ६०. क्यू परत १० वर, तासभर एकही एरर नाही. खूप आभार, दादा.