डिझेल हीटर पेटत नाही : सोलापूरहून एक शंका आणि तिची उत्तरे

प्रेषक : सोलापूर

सप्रेम नमस्कार मंडळी,

जर्मनीतील नोकरी संपवून सोलापूरला परतल्यावरही तेथील मराठी मंडळाच्या यादीवर नाव ठेवले होते, त्याचा आज उपयोग करून घेत आहे. येथे आम्ही एक ट्रॅव्हलर गाडी राहण्याजोगी करून घेतली असून तिच्यात दोन किलोवॅटचा, चिनी बनावटीचा, हवा तापवणारा डिझेल हीटर बसवला आहे. सोलापुरात कूलर दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, परंतु असा हीटर उघडलेला कारागीर मला अजून भेटलेला नाही, आणि तुमच्याकडे तर हिवाळ्यात कॅम्पर व्हॅनने हिंडणारी कितीतरी कुटुंबे आहेत.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, हा हीटर येथे पहिल्या प्रयत्नात पेटत होता. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही हिमाचलमधील स्पितीला गेलो, तेव्हा मनालीत तो दुसऱ्या प्रयत्नात पेटू लागला, काझामध्ये पेटल्यावर काळा धूर टाकू लागला आणि तेथील मुक्काम संपता संपता पेटेनासाच झाला. सोलापुरात परत आल्यावरही तीच स्थिती आहे. बटण दाबले की पंखा फिरतो, पंपाची टकटक ऐकू येते, एक्झॉस्टमधून दाट पांढरा धूर निघतो, डिझेलचा उग्र वास सुटतो आणि काही मिनिटांनी पडद्यावर ई-१० उमटते. विक्रेत्याने ग्लो प्लग (डिझेल पेटवण्यासाठी विजेने तापणारी कांडी) बदला एवढेच कळवले आहे. तो मागवण्यापूर्वी काय काय तपासून घ्यावे, हे कोणी अनुभवी सदस्याने सांगितल्यास फार उपकार होतील.

आपला नम्र,
जुळे सोलापूर

प्रेषक : म्युनिक

काका, सादर नमस्कार.

ग्लो प्लग इतक्यात मागवू नका, आणि पुन्हा पुन्हा बटण दाबून हीटर पेटवण्याचा प्रयत्नही करू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडे डिझेल न जळता भट्टीत, म्हणजे हीटरच्या आतील जळणाच्या जागेत, साचत जाते. पुढे केव्हातरी ज्योत धरली तर ते सगळे एकदम जळू लागते आणि एक्झॉस्टची नळी धोकादायक इतकी तापते.

तुमच्या पत्रातच निम्मे निदान आलेले आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. याचा अर्थ डिझेल भट्टीपर्यंत पोहोचत आहे आणि तेथे थोडीफार उष्णताही आहे, कारण ग्लो प्लग पूर्ण निकामी असता तर इतकी वाफ झाली नसती. ई-१० हा आकडा बहुतेक चिनी हीटरांत ‘पेटण्याचा प्रयत्न फसला’ असे सांगतो. मात्र कारखान्यागणिक आकडे बदलतात, म्हणून आपल्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. या आकड्यावरून कामाचा क्रम कोणत्या टप्प्यावर तुटला ते कळते, कोणता भाग बदलायचा ते कळत नाही, आणि विक्रेते नेमकी येथेच घाई करतात.

क्रम असा असतो. प्रथम पंखा फिरून भट्टीतील जुनी हवा बाहेर काढतो, मग ग्लो प्लग मिनिटभर तापतो, त्यानंतर पंप सावकाश ठोके देऊ लागतो, डिझेल प्लगभोवतीच्या बारीक धातूच्या जाळीत झिरपते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. भट्टीलगतच्या संवेदकाला तापमान चढलेले जाणवले की प्लगची वीज बंद होते आणि पुढे ज्योत स्वतःच्या बळावर जळते. तुमचा हीटर वाफ होण्यापर्यंत येतो आणि पेट घेण्याच्या आधी अडखळतो. तेथे अडखळण्याची कारणे मोजकीच आहेत : प्लगला वीज अपुरी, जाळी काजळीने बंद, हवेचा मार्ग कोंडलेला किंवा डिझेलचे प्रमाण चुकलेले.

विजेपासून सुरुवात करा, कारण तिच्यासाठी काहीच उघडावे लागत नाही. प्लग तापत असताना हीटर सुमारे दहा अँपिअर घेतो, आणि एकदा ज्योत स्थिरावली की त्याला एक-दोन अँपिअर पुरतात. म्हणून हीटर बंद असताना मोजलेल्या व्होल्टेजला काही अर्थ नाही. प्लग तापत असतानाच, एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा हीटरला वीज येते त्या जोडावर, असे दोन ठिकाणी मल्टीमीटर लावा. बॅटरी चार मीटर दूर असेल आणि दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढलेली असेल, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांब्यात दहा अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. चार स्क्वेअर एमएमच्या वायरीत हाच तोटा ०.३५ व्होल्टच्या आसपास राहतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने, ढोबळ हिशेबाने १२ ऐवजी १०.५ व्होल्ट मिळाले तर प्लगची जवळजवळ पाव उष्णता गेली. सोलापुरातील जानेवारीत तेवढ्यावर निभावते. गारठ्यात निभावत नाही.

त्यानंतर डिझेल. हीटरजवळची इंधनाची नळी सोडवून तिचे टोक एका सिरिंजमध्ये धरा आणि हीटरच्या मेनूतून हाताने पंप चालवा. पंपाच्या अंगावरचा आकडा बहुधा हजार ठोक्यांमागचे मिलिलिटर सांगतो. तो २२ असेल तर शंभर ठोक्यांत सव्वादोन मिलिलिटरच्या आसपास डिझेल यायला हवे. नळीतून बुडबुडे येत असतील तर जोड तपासा. या नळ्या कडक आणि बारीक भोकाच्या असाव्या लागतात, आणि रबरी जोडाच्या आत दोन नळ्यांची टोके एकमेकांना चिकटलेली असावी लागतात. मध्ये फट राहिली की तेथे हवा साठते आणि अधूनमधून ज्योत तुटते. पंप आडवा बसवलेला असेल तर त्याचे बाहेरचे तोंड वर येईल असा तिरपा करा, म्हणजे हवा त्यात अडकून राहणार नाही. टाकीत पाव भागाहून कमी डिझेल असताना त्रास वाढतो का, हेही पाहा, कारण इंजिनासाठी डिझेल शिल्लक राहावे म्हणून हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडत नाहीत.

हे दोन्ही ठीक निघाले तरच भट्टी उघडा. काझामधील काळ्या धुरावरून मला दाट शंका येते की खरा बिघाड तेथे सुरू झाला. काझा साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, पंप मात्र तेवढेच डिझेल देत राहतो. प्राणवायू कमी आणि डिझेल पूर्ण, म्हणजे काजळी ठरलेलीच. येथील जर्मन कारखान्यांच्या पुस्तिकांत १५०० मीटरपर्यंत निर्धास्त वापर, ३००० मीटरपर्यंत थोड्या काळाचा वापर आणि त्यापुढे उंचीसाठी वेगळी जोडणी, अशी मर्यादा दिलेली असते. काजळीने जाळी बंद झाली असेल तर गाडी सोलापूरच्या साडेचारशे मीटर उंचीवर परत आली म्हणून ती आपोआप मोकळी होणार नाही.

जाळी घासून परत बसवू नका, नवीच घाला. ती स्वस्त असते आणि जुनी पकडीने ओढताना बहुधा फाटतेच. ग्लो प्लग तपासताना तो थेट बॅटरीला जोडू नका, कारण काही हीटरांचे प्लग पूर्ण १२ व्होल्टसाठी बनवलेले नसतात आणि तपासणीतच जळून जातात. त्याचा रोध मोजून पुस्तिकेशी ताडणे पुरेसे आहे.

आपला,
म्युनिक

प्रेषक : ऑस्लो

काकांना आणि सर्वांना नमस्कार.

म्युनिकच्या सदस्यांनी जे लिहिले आहे त्याला माझा दुजोरा आहे. मी फक्त इंधनाविषयी आणि सुरक्षिततेविषयी लिहिते.

आमच्याकडे हिवाळ्यात पंपावर मिळणारे डिझेल वेगळे असते. युरोपीय मानकातील आर्क्टिक वर्गांचे डिझेल उणे २० ते उणे ४४ अंशांपर्यंत गाळणीतून वाहते राहते. भारतीय मानकात हीच मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे सोलापुरात टाकी भरून थेट स्पिती गाठली, तर रात्रीच्या थंडीत डिझेलमधील मेण सुटून हीटरची छोटी गाळणी सर्वांत आधी तुंबू शकते. वाटेत मैदानी भागातील डिझेल संपत आणून डोंगराळ भागात पुन्हा टाकी भरणे बरे. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणाने. उपाय म्हणून गाडीच्या टाकीत रॉकेल मिसळू नका. इंजिनाच्या पंपाला लागणारे वंगण त्यातून मिळत नाही, आणि भारतात ती भेसळ ठरते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भट्टी उघडली की तिची गॅस्केट (जोड हवाबंद ठेवणारी पातळ पट्टी) आणि गाडीच्या तळपत्र्यावरची गॅस्केट, या दोन्ही नव्या घाला. जळणाची हवा आणि झोपण्याच्या जागेतील हवा यांना वेगळे ठेवणाऱ्या त्या दोनच गोष्टी आहेत. एक्झॉस्टचा कोणताही जोड गाडीच्या आत नसावा, सायलेन्सरचे पाणी निघण्याचे भोक खाली असावे, आणि ताजी हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड एक्झॉस्टपासून दूर असावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाड्यांसाठीच्या ईएन ५०२९१-२ या मानकाचा अलार्म बसवल्याशिवाय कृपया हीटर लावून झोपू नका. आमच्या मंडळाच्या हिवाळी सहलीत अलार्म नसलेल्या गाडीला आम्ही मुक्कामाला घेतच नाही, आणि त्या नियमात मी कोणासाठीही सवलत मागणार नाही.

आपली,
ऑस्लो

प्रेषक : सोलापूर

सप्रेम नमस्कार,

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच तपासणी केली. माझ्यासोबत येथील टॉवेल-चादरींच्या एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरचे बर्नर सांभाळणारे एक स्नेही होते. क्रम वाचताच ते म्हणाले की आमचा बर्नरही असाच चालतो : आधी पंखा, मग ठिणगी, मग तेल, आणि ज्योत दिसली नाही तर लॉकआउट, म्हणजे बर्नर आपोआप बंद. फरक त्यांनी लगेच ओळखला. बॉयलरमध्ये पंपाच्या दाबाने नोझलमधून तेलाचा बारीक फवारा उडतो. या हीटरमध्ये दाबही नाही आणि नोझलही नाही, डिझेल केवळ ठिबकते. फवाऱ्याचे काम ती जाळी करत असल्यामुळे ती बंद झाली की पुढचे सारेच अडते, हे त्यांनी दाखवल्यावर मला नीट कळले.

प्लग तापत असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि हीटरच्या वीजजोडावर १०.६ व्होल्ट मिळाले. वायर दीड स्क्वेअर एमएमचीच निघाली, परंतु तेवढ्याने १.७ व्होल्टचा हिशेब जुळत नव्हता. स्नेह्यांनी वायरीवरून हात फिरवत नेला तेव्हा फ्यूजचा होल्डर चांगलाच गरम लागला. आतील पत्ती सैल होऊन काळवंडली होती. शंभर ठोक्यांना २.१ मिलिलिटर डिझेल आले आणि नळीत बुडबुडे नव्हते, म्हणून पंप आणि टाकीकडे आम्ही पुन्हा वळलो नाही. भट्टीत काजळीचा कडक थर होता. जाळी तर इतकी भरली होती की उजेडाकडे धरल्यावर एकही छिद्र दिसेना. ग्लो प्लगचा रोध पुस्तिकेप्रमाणे निघाला.

चार स्क्वेअर एमएमची वायर आणि नवा होल्डर येथेच मिळाला. जाळी आणि गॅस्केटी मागवाव्या लागल्या. सर्व बसवल्यावर हीटर पहिल्या प्रयत्नात पेटला, आरंभीचा थोडा धूर सोडला तर एक्झॉस्ट स्वच्छ आहे, आणि प्लग तापताना हीटरवर आता ११.८ व्होल्ट मिळतात. अलार्म मागवला आहे. तो येईपर्यंत हीटर फक्त दारे उघडी ठेवून तपासत आहे.

आता पुन्हा स्पितीला जाताना काजळी धरू नये म्हणून काय करावे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हा हीटर महिनोन्महिने पडून राहणार, त्याचे काय, एवढेच विचारायचे आहे.

आपला नम्र,
जुळे सोलापूर

प्रेषक : म्युनिक

काका, नमस्कार.

फ्यूजचा होल्डर सापडला याचा फार आनंद झाला. नुसती जाळी बदलली असती तर हीटर सोलापुरात पेटला असता आणि पुढच्या थंडीत पुन्हा अडला असता.

उंचीसाठी दोन मार्ग आहेत. हवेचा दाब मोजून डिझेल आपोआप कमी करणारे नियंत्रक आता अनेक हीटरांसाठी मिळतात, आणि साडेतीन हजार मीटरवर मुक्काम करायचा असेल तर मी तोच घेईन. तो मिळाला नाही, तर तुमच्या हीटरच्या मेनूत पंपाचे दर सेकंदाचे ठोके आणि पंख्याचा वेग वेगवेगळे ठरवता येतात का ते पाहा. येत असल्यास ठोके थोडे थोडे कमी करत जा आणि एक्झॉस्टमध्ये काळा धूर दिसेनासा झाला की थांबा. मूळ आकडे आधी कागदावर लिहून ठेवा आणि खाली उतरताना ते परत घाला, कारण डिझेल फार कमी झाले की ज्योत मध्येच विझते आणि अनेक हीटरांत ई-०८ दिसू लागते. हीटर तासन्‌तास अगदी मंद आचेवर चालवणेही टाळा. मंद आचेवर भट्टी पुरेशी तापत नाही आणि उंची नसतानाही काजळी धरते. रात्रभर मंद चालवावाच लागला, तर सकाळी वीस मिनिटे पूर्ण आचेवर चालवून मग बंद करा.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी महिन्यातून एकदा, पहाटेच्या गारव्यात, पंधरा मिनिटे हीटर पूर्ण आचेवर चालवावा, म्हणजे नळीतील डिझेल शिळे होऊन चिकट होणार नाही आणि पंपही मोकळा राहील. तेव्हा हीटर तापमानाच्या मोडवर ठेवू नका. वैशाखात गाडीतील हवा आधीच तीस अंशांपलीकडे असल्याने त्या मोडवर तो पूर्ण आच देणारच नाही. हाताने आच ठरवण्याचा मोड निवडा, गरम हवेचे तोंड मोकळे ठेवा, आणि बटण बंद केल्यानंतर पंखा आपोआप थांबेपर्यंत बॅटरीचा मुख्य स्विच तोडू नका. भट्टी तापलेली असताना पंखा थांबला तर आतली उष्णता नियंत्रकापर्यंत जाते आणि तो जळतो.

आपला,
म्युनिक