एक लॅपटॉप, दोन डोमेन आणि शिव्या आम्हाला

जुना ॲडमिन: काल इथे कोणीतरी लिहिलंय, "ऑफिसचा आणि क्लायंटचा असे दोन लॅपटॉप वागवायला लावतात, कारण आयटीवाले आळशी. एकाच मशीनवर दोन्ही डोमेन टाकायला काय जातं?" अहो, डोमेन म्हणजे कंपनीचं नेटवर्क, जिथून तिचे सगळे युजर आणि मशीन सांभाळतात. विंडोजचं मशीन एका वेळी एकाच डोमेनला जॉइन होतं. दुसऱ्यात घालायचं तर पहिल्यातून काढा, रीस्टार्ट करा. नवा युजर म्हणजे नवं प्रोफाइल, डेस्कटॉप कोरा. मग हेच बोंबलत येतात, "माझ्या फायली उडवल्या!" फायली युजर्स फोल्डरात शेजारीच असतात.

आमच्याकडे एका हुशाराने लॅपटॉप स्वतःच डोमेनमधून काढला. लोकल ॲडमिनचा, म्हणजे त्या मशीनवरच्याच मुख्य खात्याचा, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. लॅपटॉपची वीट झाली.

दोन बॅगवाला: लिहिणारा मीच. ट्रस्ट, म्हणजे एका डोमेनने दुसऱ्याचे युजर मान्य करणं, हा प्रकार ऐकलाय का? माझ्या आधीच्या कंपनीने दुसरी कंपनी घेतली तेव्हा दोन डोमेनमध्ये ट्रस्ट केला, एकाच मशीनवर दोन्हीकडचे लोक लॉगिन करायचे.

जुना ॲडमिन: घेतली होती ना? मालक एकच झाला. तुमचा क्लायंट बँक आहे. ती तुमच्या कंपनीवर कशाला ट्रस्ट ठेवेल? भाडेकरूला कोणी तिजोरीची किल्ली देतं का?

वाकडचा पूल: ट्रस्ट-बिस्ट राहू द्या. दोन लॅपटॉप, दोन चार्जर, डबा. वाण्याकडे बॅग काट्यावर ठेवली, साडेसहा किलो! ॲक्टिव्हावर हिंजवडी फेज ३, वरून पाऊस. फिजिओला दिलेले पैसे कंपनी देणार का?

दोन बॅगवाला: एकदम बरोबर! आणि ती कंपनीने दिलेली बॅग, तिची चेन दोन महिन्यांत गेली.

कोथरूडकर: बसने जा की. आम्ही नाही गेलो?

वाकडचा पूल: साडेसहा किलो घेऊन बसमध्ये उभे राहून दाखवा, मग शिकवा.

एसक्यूएलवाली: बॅगांचं दुकान आवरा जरा. चार वर्षं एकाच लॅपटॉपवर काम करतेय. मशीन माझ्याच कंपनीच्या डोमेनमध्ये. क्लायंटचा व्हीपीएन (बाहेरून त्यांच्या नेटवर्कात जायचा सुरक्षित रस्ता) लावायचा, 'रनॲज' या दुसऱ्या युजरने प्रोग्रॅम उघडायच्या विंडोज कमांडला 'नेटओन्ली' (तो युजर फक्त नेटवर्कपुरता) जोडायचं आणि मॅनेजमेंट स्टुडिओ हा डेटाबेसचा प्रोग्रॅम क्लायंटच्या युजरने उघडायचा. फक्त पासवर्ड नीट टाका. चुकला तरी रनॲज तिथे हूं की चूं करत नाही, सर्व्हरला जोडायला गेलं की मग कळतं.

जुना ॲडमिन: चालतं, मान्य. पण क्लायंटने बाहेरच्या मशीनला व्हीपीएन दिला तरच. बँक देत नाही. देऊही नये. तुमच्या लॅपटॉपात काय शिरलंय ते तिला काय माहीत?

दोन बॅगवाला: म्हणजे "होत नाही" नव्हतं, "देत नाही" होतं. आधीच सांगायचं ना साहेब!

जुना ॲडमिन: जॉइन एकालाच होतं, हे पहिल्याच ओळींत लिहिलंय. वाचा.

दोन बॅगवाला: वाचलं. आळशी हा शब्द मागे घेतो. तुसडे ठेवतो.

वाकडचा पूल: चांगल्या चेनची बॅग कोणाला माहीत आहे का?